सोळा सेंटिमीटरची टॅक्सी

(१९९६ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



सूत्रसंचालकांनी माझी ओळख करून देताना आयटी, मोठं पद वगैरे जे सांगितलं ते क्षणभर बाजूला ठेवा. समितीनं आपल्या सगळ्यांकडून या स्मरणिकेसाठी एक फॉर्म भरून घेतला. त्यात ‘छंद’ असा रकाना होता. बहुतेकांनी वाचन, प्रवास, ट्रेकिंग लिहिलं. मी लिहिलं, ‘मोटारींच्या छोट्या प्रतिकृती बनवणे’. दुसऱ्याच दिवशी फोन आला, “हे काय नवीन काढलंस? पंधरा मिनिटं बोल त्यावर.” म्हणून उभी आहे. त्याच फॉर्मात आणखी एक रकाना होता, त्याच्याकडे शेवटी येते.

आधी हे प्रकरण काय ते सांगते. बाजारात मोटारींचे किट मिळतात. खोका उघडला की प्लास्टिकच्या चौकटीत अडकलेले शंभर-दीडशे सुटे भाग निघतात. सीट, स्टिअरिंग, चाकं, इंजिनाचे तुकडे. ते कापायचे, घासायचे, रंगवायचे, चिकटवायचे आणि गाडी उभी करायची. मोटारींसाठी नेहमीचं प्रमाण १:२४. म्हणजे खऱ्या गाडीचा एक फूट तो प्रतिकृतीत अर्धा इंच. दुसरं एक प्रमाण १:४३ चं, ते खेळण्यातल्या आगगाड्यांकडून आलं, फुटाला सात मिलिमीटर. आपल्या मुलांनी घरभर पसरून ठेवलेल्या हॉट व्हील्सच्या गाड्या साधारण १:६४ च्या. या धंद्यातलं मोठं नाव म्हणजे जपानच्या शिझुओका शहरातली टामिया. १९४६ साली लाकूड कापण्याच्या धंद्यापासून तिची सुरुवात झाली आणि १९६० साली तिनं पहिलं प्लास्टिकचं किट काढलं, ते यामातो या युद्धनौकेचं. आपल्याकडे पुण्यात कोथरूडला जोशींचं लघुरेल्वेचं संग्रहालय आहे. ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हा नाद किती खोल जातो हे सांगायला नको.

मला नाद लागला २०१२ साली. कंपनीच्या कामासाठी परदेशी गेले होते, येताना एक किट आणलं. लेक झोपली की स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसायचं. दिवसभर मी जे लिहिते ते हातात धरता येत नाही. इथं रात्री अकरा वाजता एक चाक तयार व्हायचं आणि सकाळीही ते तिथंच असायचं. मला त्याचंच अप्रूप होतं.

या छंदातली अर्धी मजा खरेदीत आहे. मुंबईत क्रॉफर्ड मार्केट आणि अब्दुल रहमान स्ट्रीट, बारीक दिव्यांसाठी लॅमिंग्टन रोड, पुण्यात अप्पा बळवंत चौक. किट मागितलं की दुकानदार हमखास विचारतो, “मॅडम, मुलाचं वय काय?” पहिल्यांदा मी लेकीचं सांगायचे, आता स्वतःचं सांगते. सरकारचंही मत दुकानदारासारखंच आहे. कस्टमच्या यादीत अशा प्रतिकृती खेळण्यांमध्येच मोडतात. खेळण्यांवरचं आयातशुल्क २०२० च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७० टक्के. त्यामुळे परदेशी किटची किंमत ऐकूनच खोका परत ठेवावा लागतो. रंगांची निराळीच तऱ्हा. ते ज्वालाग्राही, म्हणून विमानानं पाठवत नाहीत.

मग माणूस पर्याय शोधतो. भाग कापायला नेलकटर. डिंकाचा थेंब सोडायला इंजेक्शनची सुई. बारीक रेघेला नेल आर्टचा ब्रश. क्रोमच्या पट्टीला चॉकलेटची चांदी. कोरायला दातांच्या दवाखान्यातली टाकाऊ हत्यारं. ती आपल्याच वर्गातल्या डॉक्टरीणबाईंनी दिली, त्यांचे आभार.

पण या खरेदीत एक फसगत असते. वस्तू विकत घेतली की काम केल्यासारखं वाटतं. एका दिवाळीत कपाट आवरताना नवऱ्यानं न उघडलेले खोके मोजले. चौदा निघाले. फेरारी, पोर्श, मिनी, काय नाही ते. तो काही बोलला नाही, फक्त मोजले. मलाही कळत होतं की यातल्या एकाही गाडीशी माझा काही संबंध नाही.

ऑक्टोबर २०२३ मध्ये पेपरात बातमी आली. मुंबईतली शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावर दिसणार नव्हती. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली, १०८९ सीसीची, स्टिअरिंगलाच गिअरचा दांडा असलेली गाडी. कागदावर नाव पद्मिनी, पण सगळे शेवटपर्यंत तिला फियाटच म्हणत राहिले. बातमी वाचून मी बराच वेळ नुसतीच बसले.

आता तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे. शाळेत मी तुम्हाला सांगायचे की माझे बाबा मुंबईला कंपनीत आहेत. माझे बाबा मुंबईत टॅक्सी चालवत होते. काळी-पिवळी फियाट. आठवडाभर तिकडे खोलीवर राहायचे आणि सुट्टी काढून पेणला यायचे. नववीच्या फॉर्मात ‘पालकांचा व्यवसाय’ या रकान्यात मी ‘नोकरी’ लिहिलं होतं.

त्याच वर्षी गणपतीला बाबा टॅक्सी घेऊनच आले. शाळा सुटायच्या वेळी मला न्यायला फाटकाशी येऊन उभे राहिले. माझ्याबरोबर तुम्ही चौघीजणी होतात. एकीनं विचारलं, “कुणाची गं टॅक्सी?” मी म्हटलं, “भाड्याची असेल.” आणि पुढे जाऊन बाबांना हळूच सांगितलं, “तुम्ही स्टँडजवळ थांबा, मी येते.” ते “बरं” म्हणाले आणि गाडी वळवून गेले. त्यानंतर गाडी घेऊन ते शाळेच्या फाटकाशी कधी आले नाहीत. याच टॅक्सीच्या पैशांतून मी इंजिनीअर झाले.

बातमी वाचल्यावर ठरवलं, फियाट करायची. मला हवं तसं किट कुठे मिळालं नाही. मग आकडे जमवले. दोन चाकांच्या आसांतलं अंतर २३४० मिलिमीटर, म्हणजे १:२४ मध्ये साडेसत्त्याण्णव. चौदा इंची रिम, म्हणजे पंधरा मिलिमीटरच्या किंचित आत. सगळी गाडी साधारण सोळा सेंटिमीटर. प्लास्टिकचे पातळ पत्रे कापून पाहिले. पत्रा एका दिशेनं वळतो, दोन दिशांनी एकदम वळवला की चुरगळतो, आणि फियाटचे मडगार्ड तर सगळे गोलाईचे. फोटोंवरून संगणकावर आकृती काढून थ्रीडी प्रिंट करून घेतलं. मापं बरोबर, पण चेहरा दुसऱ्याच कुणाचा तरी.

तो प्रिंट पर्समध्ये घालून मी मे २०२४ मध्ये पेणला आले आणि आपल्या वर्गातल्या एका मित्राच्या गणपतीच्या कारखान्यात गेले. नाव घेत नाही, घेतलं तर तो उठून बाहेर जाईल. शेवटच्या बाकावर बसून वहीच्या मागच्या पानांवर चित्रं काढायचा तोच. चित्रकलेच्या सरांना आठवत असेल, इंटरमिजिएटला त्याला ए ग्रेड होती. गणिताच्या तासाला मात्र तो बहुतेक वेळ वर्गाबाहेरच असायचा. मी पहिल्या बाकावर, आणि खरं सांगायचं तर तीन वर्षांत त्याच्याशी दहा वाक्यंही बोलले नव्हते.

त्यानं प्रिंट हातात घेऊन फिरवून पाहिला आणि म्हणाला, “अगं, ही मोजून केलीयस. बघून नाही केलीस.” मग शाडूचा एक गोळा पुढ्यात ठेवला. “आधी मातीत कर.”

सहा शनिवार मी तिथं गेले. पेणचे आपण सगळे, देवधरांचं नाव लहानपणापासून ऐकत आलो. हमरापूर, जोह्याच्या रस्त्यानं जाताना रांगेनं वाळत ठेवलेल्या मूर्ती पाहिल्या. पण कारखान्यात बसून हे काम कसं चालतं ते मी पंचेचाळिसाव्या वर्षी पाहिलं. मातीवर आकार काढायचा. त्यावरून रबराचा साचा, आणि रबर वाकू नये म्हणून बाहेरून प्लास्टरचं कवच. परदेशी पुस्तकांत मोठ्या कौतुकानं सांगितलेली रीत हीच, आणि ती आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर होती. माझ्या गाडीची बॉडी तशाच साच्यातून फायबरमध्ये निघाली. मग लांबी भरायची, वॉटर पेपरनं घासायचं, पुन्हा लांबी, पुन्हा घासायचं. चारशे नंबरपासून सुरू करून पंधराशेपर्यंत. ब्रश, पेपर, प्रायमर, स्प्रेगन, जे मी मुंबई-पुण्यात शोधत फिरले ते सगळं पेणच्या बाजारात होतं. आणि इथं कुणी मुलाचं वय विचारलं नाही.

चाकांचे रिम रोह्यात एका लेथवाल्यानं अ‍ॅल्युमिनिअममधून काढून दिले. धाटावच्या कारखान्यांची मोठमोठी कामं करणारा माणूस. पंधरा मिलिमीटरचं माप ऐकून आधी हसला, मग चारांऐवजी पाच काढून दिले. म्हणाला, “स्टेपनी नको का?”

रंगाच्या वेळी मी माती खाल्ली. जुलैच्या धुवांधार पावसात घाईनं काळा लॅकर मारला. दहा मिनिटांत गाडीवर पांढुरकी साय आली. रंगातलं थिनर भरभर उडतं तेव्हा पृष्ठभाग गार पडतो, आणि दमट हवेतलं पाणी त्यावर धरतं. हे शास्त्र मी नंतर वाचलं. मित्रानं नुसतं विचारलं, “दिवा लावला नव्हतास?” पावसाळ्यात कारखान्यात मोठे दिवे लावून आधी हवा कोरडी करतात, मगच रंगाला हात घालतात. सगळा रंग घासून काढला. दुसऱ्या वेळी आधी टप पिवळा केला, तो झाकून मग बॉडी काळी. उलट केलं तर पिवळा रंग काळ्यावर बसत नाही.

काचेभोवतीची बारीक रेघ मला जमेना. तीनदा पुसली. शेवटी मित्रानं त्याचा आखणीचा ब्रश घेतला, ज्यानं मूर्तींचे डोळे काढतो तो, आणि श्वास रोखून एका हातात रेघ ओढली. ती गाडी तिथं गाडी झाली.

आता राहिली नंबरप्लेट. पिवळी पाटी रंगवून झाली, ब्रश हातात घेतला आणि लक्षात आलं की मला नंबर ठाऊक नाही. तुमच्यातल्या निम्म्याजणांचे तेव्हाचे लँडलाइनचे नंबर मला आजही पाठ आहेत. बाबांनी जी गाडी इतकी वर्षं चालवली तिचा नंबर मी कधी पाहिलाच नव्हता. मी तिच्याकडे बघायचंच टाळत होते. आईला विचारता आलं असतं. नाही विचारलं. पाटी कोरी ठेवली.

बाबा आता रोह्याला आमच्या जुन्या घरी असतात. ऑगस्टमध्ये खोका मांडीवर घेऊन वडखळ, नागोठणे करत एसटीनं गेले. गाडी त्यांच्या हातात दिली. मला वाटलं, टप बघतील, मीटर बघतील, कारण डाव्या बाजूचं बाहेरचं मीटर मी फार जपून केलं होतं. त्यांनी गाडी सरळ उलटी केली. खालून पाहिलं आणि म्हणाले, “सायलेन्सर कुठाय?”

मी केलाच नव्हता. खालून कोण बघणार, असं वाटलं होतं.

मग मी नंबर विचारला. त्यांनी थांबा न घेता सांगितला, पाठोपाठ बिल्ल्याचा नंबरही सांगितला, जणू समोर हवालदारच उभा आहे. तिथंच ओटीवर बसून मी पाटी लिहिली. ते शेजारी बसून अक्षर सरळ येतंय ना ते बघत होते.

जाताना धीर करून म्हटलं, “बाबा, त्या वर्षी गणपतीत मी तुम्हाला फाटकापासून लांब थांबायला सांगितलं होतं.” ते म्हणाले, “हो. स्टँडजवळ सावली बरी होती. गाडी तापली नाही.”

एवढंच. त्यांना खरंच तेवढंच आठवतं की त्यांनी मला सोडून दिलं, ते मला अजून कळलेलं नाही. मी पुन्हा विचारलं नाही.

या स्मरणिकेच्या फॉर्मात ‘पालकांचा व्यवसाय’ हा रकाना पुन्हा होता. त्यात मी लिहिलंय, ‘टॅक्सीचालक, मुंबई’. त्या चौघीजणी आज समोर बसल्या आहेत. त्यांना तीस वर्षं उशिरा सांगते, ती टॅक्सी भाड्याची नव्हती.

गाडी मागच्या टेबलावर ठेवली आहे. हात लावायला काही हरकत नाही, फक्त आरसा धरून उचलू नका, तो दोनदा तुटलाय. ज्यानं आखणी केली तो तिथंच आसपास असेल, त्याला आधी भेटा. आणि उलटी करून जरूर बघा. सायलेन्सर आता बसवलाय.