नव्या वसाहतीचा पहिला दिवस

(सरपंच, ग्रामसेवक व शिक्षक यांच्या शिबिरात माहिती अधिकाऱ्याने केलेल्या भाषणाचा संक्षेप)



वसाहतीचे उद्‌घाटन म्हटले की मांडव, ध्वनिक्षेपक, फीत आणि कोनशिला एवढेच आपल्या डोळ्यांसमोर येते. ज्यांना तेथे जन्म काढावयाचा, ती कुटुंबे सतरंजीवर बसून किल्लीची वाट पाहत असतात. घर आतून कसे आहे, हे त्यांना पाहुण्यांची मोटार गेल्यावर कळते. हा क्रम उलटा व्हावा, अशी माझी सूचना आहे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. जाड दगडी भिंती व त्यांवरील मातीची जड माळवदे कोसळून हजारो माणसे गाडली गेली. पुढे लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील अनेक गावे नव्या जागी वसविण्यात आली. घरे भक्कम झाली, रस्ते रुंद व सरळ झाले. परंतु वाड्याच्या चौकात आणि आळीच्या तोंडाशी नांदणारा शेजार त्या आखणीत ठिकठिकाणी विरळ झाला. ही उणीव कागदावरील आराखड्यात दिसत नाही. जागेवर वावरल्यावरच जाणवते.

इंदूर येथील अरण्य वसाहतीत वेगळा मार्ग अवलंबिला गेला. पुण्यात जन्मलेले वास्तुविशारद बाळकृष्ण दोशी यांनी तेथे ८० घरे नमुन्यादाखल उभी केली. चौथरा, संडास-मोरी व एखादी खोली एवढ्यापासून घर कसे वाढविता येते, हे लोकांना प्रत्यक्ष पाहता आले.

ग्रामपंचायतीजवळ एवढे बळ नसते. पण फक्कीचे एक पोते पुरे. प्रधानमंत्री आवास योजनेतील ग्रामीण घराला स्वयंपाकाच्या जागेसह किमान २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २७० चौरस फूट क्षेत्र ठरविलेले आहे. पाया खणण्यापूर्वी एका सकाळी तेवढे घर जमिनीवर आखावे. त्यात खरी बाज टाकावी, कणगी ठेवावी, चूल मांडावी, आजीबाईंना मोरीपर्यंत चालावयास सांगावे. दार उघडताना बाजेला अडते, हे अभियंत्याआधी गृहिणीच्या लक्षात येईल. फक्कीची रेघ पुसून दुसरी ओढावयास खर्च येत नाही.

घरे उभी राहिल्यावर, समारंभापूर्वी, आणखी एक दिवस राखावा. सर्व नळ एकदम सोडून अखेरच्या घरात पाणी किती येते ते पाहावे. बैलगाडी वळते का, गुरे कोठे बांधणार, याचीही परीक्षा घ्यावी. दिवेलागणीनंतर काही कुटुंबांनी तेथेच जेवून मुक्काम करावा. शिक्षकांनी मुलांकडून वसाहतीचा नकाशा काढवून घ्यावा. जवळची पायवाट मुलांना आधी सापडते. घरवाटपाच्या चिठ्ठ्या टाकताना, ज्यांना शेजारी राहावयाचे आहे त्यांची एकच चिठ्ठी करावी. आलेली प्रत्येक तक्रार ग्रामसेवकाने नोंदवहीत लिहावी.

भाषणे कमी ठेवा, असे माहिती खात्यातील माणसाने सांगणे विचित्र दिसेल; तरीही सांगतो. समारंभात सरपंचांनी ती नोंदवही पाहुण्यांसमक्ष वाचावी: किती तक्रारी दूर झाल्या, किती उरल्या आणि उरलेल्या कोणाकडे आहेत. फीत त्यानंतर कापावी.