लढाईची बातमी आणि आपली बचत

आम्ही मुंबईतल्या गोवंडीच्या बचत गटातल्या बायका. आमच्या स्टेशनातून हार्बरची गाडी धरली की सीएसएमटी, आणि तिथून पायी दलाल स्ट्रीट. शेअर बाजार इतका जवळ, तरी तो आपला नव्हेच असं वाटायचं. आता आमच्यातल्या काही जणींचे महिन्याला पाचशे रुपये म्युच्युअल फंडात जातात. तुमच्याकडेही जात असतील. म्हणून लढाईची बातमी आली की पोटात गोळा येतो. पैसे बुडणार का?

आधी सेन्सेक्स म्हणजे काय ते सांगतो. तीस मोठ्या कंपन्यांच्या शेअरच्या भावांवरून काढलेला हा आकडा. 24 फेब्रुवारी 2022 ला रशियाने युक्रेनवर हल्ला केला. त्या एका दिवसात सेन्सेक्स 2,702 अंकांनी कोसळला. दुसऱ्याच दिवशी तेराशेहून जास्त अंकांनी वर आला. लढाई तर थांबली नव्हती! मग असं का झालं? पुढे काय होणार हे कळेनासं झालं, की सगळे एकदम विकायला धावतात. थोडा अंदाज आला, की भाव सावरू लागतात.

आपल्याकडचंच बघा. 7 मे 2025 ला ऑपरेशन सिंदूर झालं, त्या दिवशी बाजार जेमतेम हलला. लढाई वाढेल या धास्तीने पुढच्या दोन दिवसांत तो जवळपास तेराशे अंक खाली गेला. शनिवारी, 10 मे ला, गोळीबार थांबवायचं ठरलं आणि सोमवारी सेन्सेक्स 2,975 अंकांनी चढला. जिने शुक्रवारी घाबरून विकलं, तिने तोटा पदरात घेतला. जिने हात लावला नाही, तिचं भरून निघालं.

पण दर वेळी बाजार इतक्या लवकर सावरेल, याची हमी कुणी देऊ शकत नाही. लढाई लांबली आणि खनिज तेल महागलं, तर गाडीभाडं वाढतं, माल महागतो, कंपन्यांचा नफा घटतो. युक्रेनची लढाई तर आपल्या कढईपर्यंत आली. सूर्यफुलाचं तेल तिकडूनच यायचं, ते कडाडलं.

म्हणून आम्ही दोन गोष्टी पक्क्या धरल्यात. शाळेची फी, बाळंतपण, पेरणी असा वर्ष-दोन वर्षांत लागणारा पैसा बाजारात घालायचा नाही. तो बँकेत किंवा पोस्टात ठेवायचा. आणि बरीच वर्षं लागणार नाही असा जो पैसा बाजारात घातलाय, तो एका दिवसाच्या बातमीवर काढायचा नाही.

आणखी एक सांगतो. अशाच दिवसांत मोबाईलवर निरोप येऊ शकतो, ‘लढाईत हा शेअर दुप्पट होणार, आजच पैसे पाठवा.’ पाठवू नका, बायांनो. फसवणूक झालीच, तर लाजू नका; लगेच 1930 ला फोन करा. जितका उशीर, तितका पैसा हातचा जातो.

पुढच्या बैठकीत एवढंच विचारा: आपल्यातल्या कुणाचा लवकर लागणारा पैसा बाजारात अडकलाय का? लढाईची बातमी यायच्या आधीच हे बोलून घेतलेलं बरं.