वेष्टनावरील अक्षरे



आपल्या आदिलाबाद जिल्ह्यात पावसाळा आला की वाड्या-गुड्यांत अतिसाराचे भय दाटते. १९७१ साली बोनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजच्या द्रावणाने असंख्य प्राण वाचविले. या द्रावणाचे सामर्थ्य प्रमाणात आहे : लिटरभर पाण्यात १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ आणि अन्य दोन क्षार. साखर अतोनात झाली की जुलाब बळावतात. तरीही गोड पेये ‘ओआरएस’ या नावाने विकली गेली. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी वर्षानुवर्षे लढा दिला. अखेर ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने त्यास मनाई केली.

ज्यांच्या स्मृतीस आपण वंदन करीत आहोत, त्या गुरुजींनी आपणांस अक्षर दिले. निरक्षर मातेला वेष्टनावरील घटक वाचून दाखविणे, हीच त्यांना खरी आदरांजली होय.