विद्यापीठांची कसोटी : सातपूरच्या कामगार वस्तीत



संयुक्त राष्ट्रांच्या सदस्य देशांनी सप्टेंबर २०१५ मध्ये शाश्वत विकासाची १७ उद्दिष्टे स्वीकारली. २०३० पर्यंत साध्य करावयाच्या या उद्दिष्टांपैकी चौथे शिक्षणाचे आहे. विद्यापीठीय शिक्षणही सर्व स्त्री-पुरुषांना समान संधीने व परवडणाऱ्या खर्चात मिळावे, असे त्यात स्पष्ट नमूद आहे.

या उद्दिष्टांच्या आधारे विद्यापीठांची जागतिक क्रमवारी ‘टाइम्स हायर एज्युकेशन’ या ब्रिटिश संस्थेने २०१९ मध्ये प्रथम प्रसिद्ध केली. एकूण गुणांसाठी भागीदारीचे सतरावे उद्दिष्ट आणि विद्यापीठाची कामगिरी सर्वांत सरस असलेली अन्य तीन उद्दिष्टे विचारात घेण्यात आली. साहजिकच दुबळ्या बाजू हिशेबाबाहेर राहू शकत होत्या. म्हणून क्रमांकाबरोबरच भोवतालच्या समाजाची साक्षही काढली पाहिजे.

नाशिकचे सातपूर ही अशी साक्ष देणारी वसाहत आहे. येथील कारखाने पाळ्यांवर चालतात. रात्रपाळी करणाऱ्या कामगाराला सकाळचे महाविद्यालय गाठणे दुरापास्त असते. १ जुलै १९८९ रोजी स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने ही अडचण ओळखली. गंगापूर धरणानजीक मुख्यालय असलेल्या या विद्यापीठाने ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद स्वीकारले. स्वयंअध्ययनाची मराठी पुस्तके, अभ्यासकेंद्रे आणि शालेय शिक्षण अपुरे राहिलेल्यांसाठी पूर्वतयारी शिक्षणक्रम, अशी त्याने योजना केली. संसारामुळे शिक्षण सुटलेल्या गृहिणींनाही तिचा आधार मिळाला.

तथापि, प्रवेशसंख्या म्हणजे फलश्रुती नव्हे. किती जणांनी पदवी पूर्ण केली, मध्येच कोण थांबले व का, पदवीने वेतन वा जबाबदारी वाढली काय, याची नोंद ठेवली तरच चौथ्या उद्दिष्टाचे खरे मोजमाप होईल.

हाच न्याय पाण्यालाही लागू आहे. सातपूर परिसरातून वाहणारी नासर्डी, म्हणजेच नंदिनी, पुढे गोदावरीस मिळते. महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांनी तिच्या पाण्याची नियमित तपासणी करावी, निष्कर्ष सोप्या मराठीत काठच्या रहिवाशांपुढे मांडावेत आणि कारखानदारांना सांडपाणी शुद्धीकरणासाठी सल्ला द्यावा. त्यातून सहाव्या व बाराव्या उद्दिष्टांची सेवा घडेल आणि विद्यार्थ्यांनाही विषयाचे प्रत्यक्ष ज्ञान होईल.

२०३० ची मुदत आता जवळ आली आहे. विद्यापीठांनी आपल्या वार्षिक अहवालात या दोन्ही गोष्टींचा हिशेब द्यावा आणि नागरिकांनी तो आस्थेने मागावा, हे उभयतांच्या हिताचे आहे.