संरक्षण कोणाचे?

(शहादा येथील कार्यकर्त्या शिबिरात केलेली मांडणी)



बंदुकीच्या कायद्यावर बोलणार आहे म्हटल्यावर काल रात्री जेवताना एकीने विचारलेच, "ताई, आपल्याकडे बाई मरते ती रॉकेलने, विषाने, नाहीतर काठीने. बंदुका आहेत कुणाकडे?" प्रश्न रास्त आहे. बंदुका थोड्यांकडेच आहेत. पण ते थोडे कोण, हे आपल्याला चांगले ठाऊक आहे.

या विषयाकडे मी वळले एका बातमीमुळे. अमेरिकेत बंदुकीच्या सायलेन्सरवर १९३४च्या कायद्याने दोनशे डॉलरचा कर आणि सरकारदरबारी नोंदणी होती. १ जानेवारी २०२६पासून तो कर शून्य झाला. नोंदणीही नको, अशी बंदूकवाल्यांची मागणी आहे. यापूर्वी तिथल्या संसदेत याच कामासाठी आणलेल्या विधेयकाचे नाव होते 'श्रवण संरक्षण कायदा'. म्हणजे बंदूक चालवणाऱ्याचे कान जपायचे! सायलेन्सरने बंदूक अगदी मुकी होत नाही, आवाज कमी होतो, हे खरे. नॉर्वे, फिनलंडमध्ये शिकारी तो सर्रास वापरतात, हेही खरे. पण गोळी ज्याच्या दिशेने येते त्याच्या दृष्टीने आवाज ही कटकट नसते. त्या आवाजाने शेजार जागा होतो, साक्षीदार मिळतात.

आपल्याकडे हे अजून झालेले नाही. १९५९च्या शस्त्र कायद्याच्या व्याख्येतच आवाज किंवा ज्वाला कमी करणारे साधन हे अग्निशस्त्र धरले आहे. नुसती ती नळी जवळ बाळगली तरी कायदा लागतो. आणि १९७२च्या वन्यजीव कायद्याने शिकारीवर बंदी असल्यामुळे शिकाऱ्याच्या कानांची सबब इथे चालायची नाही. मला चिंता आहे ती 'संरक्षण' या शब्दाची. नियम सैल करायचा असला की हाच शब्द पुढे येतो, आणि या तालुक्याला तो फार जुना ओळखीचा आहे.

आपल्यातल्या म्हाताऱ्या बायांना विचारा. १९७०च्या सुमारास शहादा-तळोद्यात बड्या शेतकऱ्यांनी पीक संरक्षण सोसायट्या काढल्या होत्या. पिकाला राखण हवी, यात गैर काहीच नाही. पण राखणदार कुणाला अडवत होते? सरपण, गवत न्यायला आलेल्या भिल्ल बायामाणसांना. ज्यांच्या बापजाद्यांची ती जमीन होती त्यांनाच चोर ठरवून दंड. मे १९७१मध्ये पाटीलवाडीला आदिवासींवर गोळीबार झाला, माणूस मारला गेला. त्यानंतरच्या वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली आणि बायांनी गावोगाव दारूची मडकी फोडली. त्यांच्या हातात बंदूक नव्हती. शस्त्र कायद्यात आजही खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची वेगळी तरतूद आहे. पीक खरे, संरक्षण खरे. पण परवाना मागायला कागद लागतो सातबाऱ्याचा, आणि तो कुणाच्या नावावर असतो?

आता एका बाईची गोष्ट. गाव सांगत नाही. तिच्या नवऱ्याकडे परवान्याची बारा बोअर होती. त्याने ती एकदाही तिच्यावर उडवली नाही. भांडण झाले की फक्त भिंतीवरून काढायची, खाटेवर बसून पुसायची, नळीतून दिव्याकडे पाहायचे. अकरा वर्षे तिने भांडण पुरे केले नाही. आम्ही तिला घेऊन पोलिसांकडे गेलो तेव्हा साहेबांनी विचारले, "गोळी झाडली का? मग परवान्याच्या वस्तूबद्दल तक्रार कसली?" परतताना एस.टी.त ती म्हणाली, "आवाज झाला असता तर लोक तरी आले असते."

काही जणी म्हणतात, मग बाईलाच बंदूक द्या. हा प्रयोगही झाला. दिल्लीतल्या २०१२च्या बलात्कारानंतर, जानेवारी २०१४मध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्याने स्त्रियांसाठी 'निर्भीक' नावाचे हलके रिव्हॉल्व्हर काढले. दागिन्यासारखे मरून पेटीत घालून. किंमत सव्वा लाखाच्या आसपास. तेव्हा आपल्याकडे रोजगार हमीची मजुरी दिवसाला १६२ रुपये होती, म्हणजे साडेसातशे दिवसांची मजुरी! शिवाय घरात आलेले हत्यार तिच्याच ताब्यात राहील, याची खात्री कोण देणार? जे घरात तिच्या नावावर ताट-वाटी ठेवत नाहीत ते?

२०१९मध्ये शस्त्र कायदा बदलला. एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच बंदुका, लग्नात-वरातीत बेफिकिरीने गोळीबार केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, हे चांगले झाले. (मूळ विधेयकात एकच बंदूक होती, ओरड झाल्यावर दोन झाल्या.) पण त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे केली. याची चर्चा कुणी केली नाही. परवानाधारकाचा एक हेलपाटा वाचला. घरातल्या बाईच्या बाजूने पाहिले तर त्या माणसाची चौकशी होण्याची वेळ दोन वर्षे लांबली.

तेव्हा करायचे काय? परवाना देण्याआधी पोलीस ठाण्याचा अहवाल मागवला जातो. बायकोला विचारले का, तिच्या तक्रारी पाहिल्या का, हे आपण ठाण्यात जाऊन विचारू शकतो. कलम १७खाली सार्वजनिक सुरक्षेसाठी परवाना निलंबित किंवा रद्द करण्याचा अधिकार परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला आहे. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम १८मध्ये दंडाधिकारी विशिष्ट कृत्याला मनाई करू शकतात. अर्जात बंदुकीचा उल्लेख स्पष्ट करा, 'धमकावतो' एवढ्यावर सोडू नका. कधी, कुठे, कुणासमोर काढली, ते लिहा.

आणि हे होणार नाही असे कुणी सांगितले तर निवडणुकीची आठवण द्या. मतदान जवळ आले की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करून घेतात. मतदानासाठी जमा होते, तर बाईसाठी का नको?

त्या बाईच्या अर्जाचा मसुदा, नाव-गाव काढून, मी आणला आहे. जेवणानंतर गटागटात बसून तो वाचू. ज्यांच्या गावात असे घर आहे त्यांनी तारखा आठवून ठेवाव्यात.