शिवणाच्या तासाची बाकी



संयोजकांनी छंदाबद्दल पाच मिनिटं बोलायला सांगितलंय, म्हणून ही विणलेली पट्टी आणली आहे. मी बोलते तोवर ती तुमच्यात फिरू दे.

हिला मशीन लागलं नाही, मागही लागला नाही. पत्त्यांच्या जुन्या जोडातले २० पत्ते चौकोनी कापले. प्रत्येकाच्या चार कोपऱ्यांना भोकं पाडून चार धागे ओवले. धाग्यांचं एक टोक खिडकीच्या गजाला, दुसरं माझ्या कमरेला. सगळे चौकोन एकत्र धरून पाव फेरा फिरवले की काही धागे वर येतात, काही खाली जातात. मधल्या फटीतून आडवा धागा घालायचा, घट्ट बसवायचा, पुन्हा पाव फेरा. याला टॅब्लेट वीव्हिंग म्हणतात.

प्रत्येक चौकोन पुढे फिरवायचा की मागे, एवढाच प्रश्न. आमच्या धंद्यातले शून्य आणि एकच म्हणा. पण तेवढ्यावर ब्रह्मदेशात अक्षरं विणत. ताडपत्राच्या पोथ्या बांधायच्या फितींवर प्रार्थना आणि दान देणाऱ्याचं नाव विणलेलं असे. त्या फितींना साझिग्यो म्हणतात. १८८५ साली राज्य गेल्यावर जो थिबा राजा आपल्या रत्नागिरीत आणून ठेवला, त्याच्याच देशातली ही कला. त्याच्या राजवाड्यापाशी आपण डबे खाल्ले, पण मला हे चाळिशीत कळलं.

नॉर्वेत ओसेबर्ग इथे १९०४ साली जमिनीतून एक जहाज उकरून काढलं. ८३४ साली त्यात दोन स्त्रियांना पुरलं होतं. सोबतच्या सामानात असेच ५२ चौकोन निघाले, अगदी पत्त्यांच्या जोडाइतके. धागे ओवलेले, पट्टी अर्धी विणलेली.

आता मुद्द्याचं. शिवणाच्या तासाला मी मांडीवर बीजगणिताचं पुस्तक ठेवायचे, हे मैत्रिणींना आठवत असेल. एकदा बाईंनी पकडलं, तेव्हा मी म्हणाले, "बाई, शिवणात कुठे डोकं लागतं?" वर्ग हसला. बाई काही बोलल्या नाहीत. माझा चुकलेला टाका उसवला, नीट घालून दिला आणि पुढच्या बाकाकडे गेल्या.

गेल्या वर्षी पहिली पट्टी विणताना एक चौकोन माझ्याकडून उलटा ओवला गेला. सगळ्या रेघा डावीकडे झुकलेल्या, एकच उजवीकडे. चूक सापडायला दोन संध्याकाळी गेल्या. कॉम्प्युटरवर चुकलेली ओळ तेवढी पुसता येते. इथे जितके फेरे पुढे गेलो तितके मागे यायचं, एकेक आडवा धागा काढत, पार सुरुवातीपर्यंत. ते करताना मला बाईंचे हात आठवले. माझा टाका उसवताना दोरा कुठून कुठे गेलाय, हे त्यांनी क्षणभरात ओळखलं होतं. मी मात्र त्याला डोकं म्हणायला तयार नव्हते.

बाई आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. बाई, डोकं लागतं. फार लागतं. तेव्हा वर्गासमोर बोलले होते, म्हणून माफीही आज सगळ्यांसमोर मागते.

पट्टी फिरत तुमच्यापर्यंत आली की ठेवून घ्या. एकदा उलटीसुलटी करून बघा. कुठे चुकलं असेल तर सांगा, उसवून आणते.