रणजित देसाई: आवडतात, म्हणूनच विचारायचं



रणजित देसाई ६ मार्च १९९२ ला गेले. त्यांचं कोवाड चंदगड तालुक्यात. बेळगावातनं सकाळी निघालं तर जेवायला घरी परत. म्हणजे ते आपले शेजारीच.

'स्वामी' मी नववीत वाचली. थेऊरला माधवराव जातात तिथं ढसाढसा रडलो. १९६२ च्या या कादंबरीला १९६४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पण मला मोठी वाटते ती दुसरी गोष्ट. माझी आत्या कानडी शाळेत शिकली, तिचं मराठी वाचन पक्कं झालं ते 'स्वामी'वर. हे ऋण फिटणारं नाही.

तरी परवा पुन्हा वाचताना अडखळलो. रमाबाईंचं सती जाणं इतकं देखणं लिहिलंय, की जिवंत बाई जळतेय हेच विसरायला होतं. आत्याला तसं बोललो. ती म्हणाली, "तिला काय वाटलं, ते कुणी विचारलंय काय रे?"

मग 'बारी' काढली. 'स्वामी'च्या आधीची, बेळगाव-कोल्हापूर वाटेवरच्या बेरडांची. तिथं वाडा नाही, पेशवाई नाही. हातातलं जगणं सुटत चाललेली माणसं आहेत. ही आपल्या रस्त्यावरची माणसं, आणि आपल्यातल्या किती जणांनी ती वाचलीत?

पुण्यतिथीला फोटोला हार जरूर घालूया. पण त्या दिवशी 'बारी' वाचायला घ्या. आणि 'स्वामी' आवडत असेल, तर आत्याचा प्रश्न सोबत ठेवून परत वाचा.